गिअर करायला गेलो आणि टाउन हॉल बघून आलो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरला पत्र लिहायची ही माझी दुसरी वेळ. पहिलं वीजबिलावर होतं, ते काही छापून आलं नाही. हे जरा लांबलंय पण भांडणाचं नाही, तेव्हा जमलं तर घ्या. कापायचं असेल तर कापा, पण ब्रह्मपुरीचं तेवढं ठेवा.

मी वडगावचा. वडिलांचे हातमाग होते, माझे चार यंत्रमाग आहेत, त्यातले सध्या दोनच चालतात, साड्या काढतो. सूत लागलं की इचलकरंजी आणि मागाचा पार्ट मोडला की कोल्हापूर, ही माझी तीस वर्षांची वारी. सीबीटीवरून, म्हणजे बेळगावच्या मोठ्या स्टँडवरून, सकाळची गाडी धरायची, हत्तरगी, संकेश्वर, निपाणी, कोगनोळी, कुठं गतिरोधक आहे ते डोळे मिटून सांगीन. कोल्हापुरात उतरलं की उद्यमनगर, अंबाबाई, एक ठरलेली खानावळ आणि परत स्टँड, एवढ्यात माझं कोल्हापूर संपतं. आणि कोणी विचारलं तर मी मोठ्या ऐटीत सांगणार, कोल्हापूर होय, ते आपलं घरच की ओ!

गेल्या महिन्यात बुधवारी असाच निघालो. मागाला कापड गुंडाळून घेणारं एक दातेरी चाक, म्हणजे गिअर, असतं, त्याचे दोन दात गेले होते, तसंच दुसरं करून घ्यायचं होतं. या वेळी बायको पण म्हणाली मी येते. तिची अट एकच, निपाणीला गाडी बदलायची, कारण निपाणीपर्यंत कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना तिकीट फुकट. म्हणजे माझ्या वेळेला काही किंमतच नाही, पण असो, निपाणीला उतरलो, चहा घेतला, दुसऱ्या गाडीत चढलो आणि दहाच्या सुमाराला उद्यमनगरात पोचलो. लेथवाल्यानं चाक हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाला, चारला या.

एरवी मी त्याच्या दारातच स्टुलावर बसून राहतो, पेपर वाचतो, दोन चहा होतात, एक डुलकी होते, चार वाजतात. बायको म्हणाली मी काय इथं लोखंडाचा वास घेत बसू काय? मग अंबाबाईला जाऊया म्हणून चालत निघालो. रिक्षा करायची नाही हे तिनंच ठरवलं आणि इथंच माझा घोळ झाला कारण मी पायात नवीकोरी चप्पल घालून आलो होतो, अथणीची. कोल्हापुरी चप्पल म्हणतात पण निम्मी आपल्याकडंच होते हे तुम्हाला सांगायला नको, २०१९ ला जे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्यात सुद्धा महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार, बेळगाव त्यात आहे. तर कोल्हापुरात कोल्हापुरी घालून चालल्यानं माझ्या करंगळीला फोड आला, आणि पुढचं सगळं वर्णन लंगडणाऱ्या माणसाचं आहे असं समजून वाचावं.

खासबागेजवळ केशवराव भोसले नाट्यगृहापाशी पाय आपोआप थांबले. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर हेच. २०२४ च्या ऑगस्टात, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते जळालं. टीव्हीवर ज्वाळा बघितल्या होत्या तेव्हा चार दिवस हळहळलो, आमचे वडील इथं संगीत नाटक बघायला येऊन रात्रभर स्टँडवर झोपून सकाळच्या गाडीनं परत जायचे ते आठवलं. पण मी स्वतः? तीस वर्षं तिथून जाता येता कधी आत पाऊल टाकलं नाही, पुढच्या वेळी बघू, पुढच्या वेळी बघू, आणि गेलं की जळून. रस्त्यावरूनच बघितलं आणि पुढं निघालो. बायको काही बोलली नाही, मीच उगाच नाट्यगृहाची माहिती सांगत राहिलो.

भवानी मंडपात आलो तर देवीची रांग बाहेरपर्यंत. शिखराला हात जोडले. मग बायको म्हणते, टाउन हॉलात म्युझियम आहे म्हणे, धाकटी म्हणत होती, जाऊया काय? मी म्हटलं टाउन हॉल म्हणजे सीपीआरच्या समोरचा? तिथं काय असतंय? आता बघा, सीपीआर हॉस्पिटलात पाहुण्यांना बघायला मी निदान दहा वेळा गेलो असेन, समोरच्या त्या बागेत झाडाखाली बसून डबा खाल्लाय, नळावर हात धुतलेत, आणि त्या बागेतल्या टोकदार छपराच्या दगडी बिल्डिंगीत काय आहे हे एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं कुठलं तरी सरकारी ऑफिस असणार.

भाऊसिंगजी रोडनं चालत गेलो. बिल्डिंग १८७२ ते ७६ मधली, गोथिक म्हणतात तसल्या धाटणीची, चर्चसारखी दिसते. म्युझियम त्यात १९४९ पासून. आत शिरलं की आधी गार वाटतं, जाड भिंती, उंच छत, बाहेरची हॉर्नची कटकट एकदम बंद. मूर्ती आहेत, हत्यारं आहेत, आणि कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रं आहेत. आबालाल रहिमानांचं नाव मी ऐकून होतो, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, रंकाळ्याच्या काठावर बसून चित्रं काढायचे आणि १९२२ साली महाराज गेल्यावर दुःखानं आपली चित्रं रंकाळ्यातच सोडली असं सांगतात. खरं खोटं देव जाणे, पण जी उरलीत ती बघितली की वाटतं सोडली त्यात काय काय गेलं असेल. रंग एवढे पातळ लावलेत की पाणी पण दिसतं आणि पाण्यावरचं ऊन पण. मी रंगाच्या धंद्यातलाच माणूस, साडीच्या काठाला कुठला रंग उठतो ते कळतं मला, पण हे तसलं नव्हे, इथं रंग उठवायचा नाही, दाबायचा आहे. बायको मात्र हत्यारांकडं जास्त वेळ होती, ते एक वेगळंच.

आणि मग ते ब्रह्मपुरीचं कपाट.

ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या काठावरची टेकडी, शिवाजी पुलाजवळची. तिथं १९४४ च्या सुमाराला खणायला सुरुवात झाली आणि नंतर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी रीतसर उत्खनन केलं. निघालं काय, तर दोन हजार वर्षांपूर्वीचं सातवाहन काळातलं गाव, घरं, भांडी, नाणी. आणि काशाच्या वस्तू, त्यात एक छोटी मूर्ती, पोसायडन, ग्रीक लोकांचा समुद्राचा देव, रोमन लोकांच्या व्यापारातून आलेली. वीतभर सुद्धा नाही हो! दाढीवाला, अंगावर कपडा नाही, एका पायावर भार देऊन असा आरामात उभा की जणू शिवाजी चौकात कोणाची तरी वाट बघतोय. हातातला त्रिशूळ कधीच गेलाय. मी काचेला नाक लावून बघितलं, त्याच्या पोटाचे स्नायू, दाढीचे कुरळे, आणि डोक्यात एकच, हा गडी समुद्राचा देव, समुद्र इथून घाटाखाली, आणि हा घाट चढून कोल्हापुरात कसा आला? बैलाच्या पाठीवर, कोणाच्या तरी गाठोड्यात, कापडात गुंडाळून आला असणार. कापड म्हटलं की माझं डोकं तिकडंच जातं.

तिथं एक पोरगं वही घेऊन काहीतरी उतरवून घेत होतं, एमए करत होतं पुरातत्त्वाचं. मी आपला विचारायला लागलो, हे काय, ते काय. पोरगं चांगलं, कंटाळलं नाही. त्यानंच सांगितलं की ब्रह्मपुरीचं खोदकाम ज्यांनी पहिल्यांदा हातात घेतलं ते कुंदणगार, राजाराम कॉलेजात प्राध्यापक, आणि शिकवायचे काय तर कन्नड! पुढं कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष पण झाले. आणि मूळचे आपल्या बेळगाव जिल्ह्यातले. मी बायकोकडं बघितलं, ती माझ्याकडं. आपल्याकडं दुकानाची पाटी मराठीत की कन्नडमध्ये यावरून काय काय होतं ते तुम्हीच रोज छापता, आणि इथं कन्नडचा मास्तर कोल्हापूरची टेकडी खणून ग्रीक देव वर काढतोय.

मग त्या पोरानं विचारलं, काका तुम्ही कुठले? म्हटलं बेळगाव. बेळगावात कुठं? म्हटलं वडगाव.

त्यानं वहीच मिटली. म्हणाला, वडगाव-माधवपूर? अहो काका मग तुम्ही इथं काय बघूलालाय, तुमच्या पायाखाली हेच आहे की! (पोरगं खानापूरकडचं निघालं, म्हणून "बघूलालाय".)

संपादक साहेब, मी साठीला आलोय. वडगावात जन्मलो, वडगावात शिकलो, वडगावातच माग घातले. आणि वडगाव-माधवपूरला सातवाहन काळातलं गाव उत्खननात निघालं, धारवाडच्या कर्नाटक युनिव्हर्सिटीच्या लोकांनी १९७० च्या दशकात खणलं, तिथं ब्राह्मी अक्षरांचा लेख कोरलेला दगडी खांब मिळाला, यज्ञ केलेल्या कोणा माणसाच्या आठवणीचा, हे मला कोल्हापुरात, एका पोराकडून, फोड आलेल्या पायावर उभं राहून कळलं. म्हणजे ब्रह्मपुरीत लोक राहत होते तेव्हा आमच्या गल्लीखाली पण कोणीतरी चूल पेटवत होतं. लहानपणी बळ्ळारी नाल्याकडं शेतात खेळायला गेलो की खापऱ्या मिळायच्या, तांबड्या, काळ्या, आम्ही त्या लगोरीला वापरायचो. आता त्या किती जुन्या होत्या आणि कसल्या होत्या ते मला सांगता येणार नाही, पण त्या रात्री झोप लागेना एवढं खरं. किती लगोऱ्या फोडल्या असतील!

ब्रह्मपुरीला गेलो, जवळच तर आहे. आता तिथं घरं आहेत, माणसं राहतात, कपडे वाळत घातलेले, कोण म्हणेल इथून रोम निघालं. पुलाच्या कठड्याला टेकून पंचगंगा बघितली, बायकोनं पर्समधली पट्टी काढून करंगळीला लावली आणि परत फिरलो.

न्यू पॅलेसला पण गेलो, पायीच. त्याचं सगळं लिहीत बसत नाही, ते बऱ्याच जणांनी बघितलेलं असतं. १८७७ ला सुरू करून १८८४ ला पुरा झालेला राजवाडा, काळा घडीव दगड, मधे घड्याळाचा मनोरा. दरबार हॉलात शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग रंगीत काचांवर आहेत, त्या काचेतून आत येणारा उजेड फरशीवर पडतो ते छान दिसतं. पेंढा भरलेली जनावरं एवढी आहेत की बायको म्हणाली, ह्यांनी जंगलात काय शिल्लक ठेवलं होतं काय? फोटो काढायला बंदी, ते एका अर्थी बरंच, नाहीतर लोक वाघाशेजारी उभं राहून सेल्फी काढण्यातच दिवस घालवतील. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरेंचं कलासंग्रहालय आहे, नटाचं घर, त्यांनीच काढलेली चित्रं, पावडर शेडिंगची वगैरे. तिथं जायचं राहिलं. पाय नाही म्हणाला. जेवणाचं मुद्दाम लिहीत नाही, कोल्हापूरच्या जेवणावर सगळेच लिहितात, आणि आम्ही बुधवारी सुद्धा बायकोच्या नियमामुळं शाकाहारीच जेवलो.

रिक्षा करून उद्यमनगरात आलो तर चारचे सहा झाले, चाक तयार नव्हतं. एरवी मी चिडलो असतो. त्या दिवशी स्टुलावर बसून मी त्या लेथवाल्यालाच ब्रह्मपुरीचं सांगत बसलो. तो म्हणाला, होय काय? मी इथलाच, मी पण नाही बघितलं.

आता मुद्द्यावर येतो. परत आल्यावर पुढच्या रविवारी आम्ही दोघं बेळगावात चालायला निघालो, जुनी चप्पल घालून. म्हटलं परगावचं बघून शहाणपणा आलाय तर आपल्या गावाचं बघू. रिसालदार गल्लीत भाट्यांचा वाडा, १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून चिठ्ठी घेऊन बेळगावला आले ते पहिल्यांदा उतरले ते इथं, नंतर किल्ल्यात हरिपद मित्रांच्या घरी राहायला गेले. त्या गल्लीतून मी सूत घेऊन सायकल मारत हजार वेळा गेलोय. मग किल्ला. कमल बस्तीत छताला लटकलेलं दगडी कमळ मान मोडेपर्यंत बघितलं, १२०४ सालचं जैन देऊळ, रट्ट राजांच्या काळातलं, त्यांच्या बिचण नावाच्या मंत्र्यानं बांधलेलं. तिथं उभं असतानाच मला त्या खानापूरच्या पोराचं दुसरं वाक्य आठवलं, की किल्ल्यातल्या त्या बस्तीच्या दानाचे दोन शिलालेख आज लंडनला आहेत, ब्रिटिश म्युझियममध्ये. म्हणजे दगड आमचा, देऊळ इथं, आणि बघायला विमान! कमळ तेवढं छताला होतं म्हणून राहिलं बहुतेक. टिळकवाडीत काँग्रेस विहिरीपर्यंत जाईस्तोवर ऊन वर आलं होतं. १९२४ ला गांधीजी काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, सगळ्या आयुष्यात एकदाच, ते इथं, आणि एवढ्या लोकांना पाणी पाहिजे म्हणून ही विहीर खोदली. विहिरीच्या बाजूला एक कुटुंब गाडी लावून आईस्क्रीम खात होतं, आम्ही पण खाल्लं.

पण वडगाव-माधवपूरला काय बघायचं हे मला सापडेना. चार जुन्या माणसांना विचारलं. एकानं सांगितलं होय, कोणीतरी खणत होते तेव्हा आम्ही बघायला जायचो, माती चाळायचे. एकानं सांगितलं सोनं शोधत होते. तिसरा म्हणाला जागेची मोजणी आली काय परत? आणि दार लावून घेतलं, त्याची काय चूक नाही, आपल्या भागात वही-पेन घेऊन फिरणारा माणूस दिसला की लोकांना आपली जमीन जाणार असंच वाटतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. एक म्हणजे वडगावात त्या जागेच्या जवळ, जाणकारांना विचारून, एक पाटी लावावी. कुठल्या भाषेत लावायची यावर आपल्याकडं सहा महिने जातील हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो, तिन्ही भाषेत लावा, वर ब्राह्मी लिपीत पण चालेल, त्या खांबावर तीच आहे. दुसरं म्हणजे शाळांच्या सहली. माझ्या नातवाची सहल गेल्या वर्षी वॉटर पार्कला गेली, यंदा पण तिथंच जाणार असं ऐकतोय. पोरं पाण्यात खेळू देत की, कोण नको म्हणतंय, पण एक दिवस गाडी टाउन हॉलच्या दारात थांबवा. तो वीतभर देव पोरांना दाखवा आणि त्यांना सांगा की याच्या काळातलं गाव तुमच्या शाळेपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे. पोरं मोठ्या माणसांपेक्षा लवकर समजतात, आणि घरी जाऊन आईबापाला छळतात, तेच पाहिजे आहे.

तिसरं तुमच्याकडं मागतोय. रविवारच्या अंकात राशिभविष्याच्या खाली चार ओळींची जागा असतेच, तिथं आसपासच्या म्युझियमची, वाड्यांची नावं, उघडण्याची वेळ आणि सुट्टीचा वार एवढंच छापत जा. बेळगाव, कित्तूर, कोल्हापूर, धारवाड. टाउन हॉल सोमवारी बंद असतो, हे मला माहीत असतं तर मी गेल्या तीस वर्षांत निदान सोमवार टाळून पार्ट मोडून घेतला असता. आणि तुमच्या वाचकांत कोणी इतिहासाचे मास्तर असतील, कोणी त्या उत्खननाच्या वेळी माती चाळायला रोजगारावर गेलेलं असेल, तर त्यांनी लिहावं. काय निघालं, नेमकं कुठं निघालं, आता ते कुठल्या कपाटात आहे. मला वडगावात त्या जागी एकदा उभं राहायचं आहे बस. शेतकऱ्याला विचारून, बांधावरनं.

जाता जाता, नवीन चाक मागाला नीट बसत नाहीये, एका बाजूला घासतंय, परत कोल्हापूरला न्यायला लागणार. बायकोनं मंगळवार ठरवलाय. मांडरेंचं घर राहिलंय म्हणाली.

आपला,
एक मागवाला वाचक
वडगाव, बेळगाव